घोड्यांनी राखलेली गैल

झाशीला जाऊन आले म्हटलं की लोक किल्ल्याबद्दल विचारतात. किल्ला मी पाहिला, एका संध्याकाळी, दीड तासात. तो नीट राखलेला आहे आणि त्याच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. माझे बाकीचे दिवस शहरापासून अर्ध्या तासावर, बेतवेच्या अलीकडच्या जंगलात, तीन किलोमीटरच्या एका पायवाटेवर गेले. तिकडे कुणी मुद्दाम जाण्यासारखं काही नाही, म्हणूनच लिहिते आहे.

मी सातारा जिल्ह्यात सरकारी बांधकाम खात्यात आहे. सत्तावीस वर्षं रस्ते, मोऱ्या आणि घाटातल्या संरक्षक भिंती केल्या. झाशीत माझी मावसबहीण कुंदा असते. तिच्या सासरचे लोक कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. ती शाळेत गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी, पन्नाशीला टेकल्यावर, ती घोड्यावर बसायला शिकली आणि जंगलातल्या वाटा साफ करणाऱ्या दोघांच्या मंडळीत तिसरी म्हणून सामील झाली. ते तिघं घोड्यावरून काम करतात असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा हे खूळ वर्षभरात उतरेल असं मला वाटलं होतं. ते उतरलं नाही. ऑक्टोबरात तिचा पुन्हा फोन आला. "ताई, सुट्टी घे आणि येऊन जा. आम्हाला झाडीचं कळतं, पाण्याचं नाही कळत. आणि या वेळी काम बिघडलं तर वाटच जाईल."

गुरुवार, कुंदाचं घर

कुंदाच्या घरची मराठी ऐकायला मला आवडते. तिचे यजमान प्रकाशराव "चहा घ्या जी" म्हणतात. कुंदा "आपण सकाळी पाचला निघून पडू" म्हणते, आणि त्याच दमात मला "फडताळातून साखर काढ" असं सांगते. फडताळ हा शब्द साताऱ्यात मी माझ्या आजीनंतर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. जेवायला आमटी-भात होता, आणि त्याच्या शेजारी कच्च्या हिरव्या शिंगाड्यांचा ढीग. आमच्याकडे शिंगाडा म्हणजे उपासाचं पीठ. इथे तो या दिवसांत तळ्यातून ओला येतो, सोलून पेरूसारखा खातात. सोलताना माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली आणि गावी परत येईपर्यंत काळीच राहिली.

"हे शिंगाडेच तर आहेत," कुंदा म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं.

जंगलाच्या पलीकडे एक पुरा आहे. पुरा म्हणजे लहानशी वस्ती, पंचवीस-तीस घरं आणि एक तळं. तिथल्या बायका शिंगाडे काढतात, पहाटे टोपल्या डोक्यावर घेऊन जंगलातून डांबरी रस्त्यावर येतात आणि चिरगाँवची पहिली बस पकडतात. वाटेनं तीन किलोमीटर. वाट नसेल तर पक्क्या रस्त्यानं वळसा अकरा किलोमीटरचा, म्हणजे बस गेलेली आणि माल दुपारच्या उन्हात. शिंगाड्याचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. आता त्या उतारावर वनखातं नवी झाडं लावणार होतं. गुरं आत येऊ नयेत म्हणून सगळ्या उताराला तारेचं कुंपण, आणि ते कुंपण वाटेला दोन ठिकाणी आडवं जाणार. रेंजर माणूस समजूतदार होता. त्यानं सांगितलं होतं, की वाट लोकांच्या वापरात असेल तर तिथे जायला जागा ठेवतो, नसेल तर तार सरळ जाईल. रविवारी सकाळी तो स्वतः वाट चालून बघणार होता.

"मग वापरात आहे असं सांगायचं," मी म्हटलं.

"सांगून काय होतं? त्याला दिसलं पाहिजे ना. पावसाळ्यात अशी झाडी वाढते, ताई, की वाट होती हेच कळत नाही."

संध्याकाळी इलाइट चौराह्यावर जाऊन मी कामाचे हातमोजे घेतले. दुकानदार म्हणाला, पाच वर्षं टिकतील. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्यातून माझी चार बोटं बाहेर होती.

शुक्रवार, छावनीकडून जंगलात

छावनीतले रस्ते पहाटे इतके स्वच्छ आणि रिकामे असतात की माझ्यासारखीला संशय येतो. छावनीच्या हद्दीबाहेर मंडळीतल्या रिसालदार साहेबांचं घर आहे, पुढे दोन खोल्या आणि मागे तबेला. घोडदळातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर, अंगानं लहानसे, पाय धनुष्यासारखे बाकलेले. डावा गुडघा वाकत नाही. त्यामुळे ते घोड्यावर चढायला एक दगड वापरतात, आणि एकदा चढले की शक्यतो उतरत नाहीत. त्यांच्या घोड्याचं नाव दरोगा, वय एकोणीस. बारा वर्षांपूर्वी त्यांना फक्त सकाळी फेरफटका मारायचा होता. जंगलातल्या वाटा झाडीनं बुजलेल्या दिसल्या, तेव्हा जाता जाता कोयता चालवायला सुरुवात केली, आणि तेच काम होऊन बसलं.

मंडळीतले तिसरे कल्लू भैया. हे लग्नाच्या वराती करतात. त्यांच्या दोन पांढऱ्या घोड्या, चांदनी आणि रेशमा. चातुर्मासात लग्नं नसतात, घोड्या उभ्या राहून जाड होतात, म्हणून पावसाळा संपत आला की कल्लू भैया त्यांना वाटेच्या कामाला आणतात. कुंदा रेशमावर बसते. माझ्यासाठी चांदनी काढली होती.

"मैडम, पहले कभी बैठी हैं?" रिसालदार साहेबांनी विचारलं.

"रोड रोलर पर," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "तो चल जाएगा. रफ़्तार वही है."

खरंच तीच होती. चांदनी दहा पावलं चालायची आणि थांबायची. टाच मारा, लगाम हलवा, काही उपयोग नाही. स्वतःच्या मनानं ती पुन्हा दहा पावलं चालायची. कल्लू भैया शेजारून पायी चालत होते. ते म्हणाले, "बारात की आदत है, दीदी. नाचने वालों को टैम देती है."

जंगलात शिरल्यावर कळलं की या कामाला अशीच घोडी हवी. रिसालदार साहेब सर्वांत पुढे. त्यांच्या हातात रिकिबीत टेकवून उभा धरलेला एक बांबू असतो, घोड्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर उंच. ज्या फांदीला बांबू लागेल ती कापायची, न लागेल तिला हात लावायचा नाही. मागून चांदनी दहा पावलं जाते, थांबते. वरचा माणूस तेवढ्यात डावी-उजवीकडच्या फांद्या छाटतो. घोडी पुढे निघते. शेवटी रेशमा, तिच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या कॅनव्हासच्या पिशव्यांत करवत, पहार, फावडी आणि दुपारचं जेवण. आमच्या खात्यात सात माणसं आणि एक ट्रॅक्टर लावून जेवढं काम होतं, त्याच्या निम्मं या तिघांनी जेवणाआधी केलं. मी हे कौतुक म्हणून सांगत नाही, मोजून सांगते आहे.

जंगल म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखं दाट नव्हे. करधई नावाची बारीक पानांची झाडं, पळस, खैर, आणि मधूनमधून गोल ग्रॅनाइटचे धोंडे, कुणी गाडीतून उतरवून ठेवल्यासारखे. खाली सगळीकडे घाणेरी. ती आपल्याकडेही आहे, पण इथे ती माणसाच्या वर जाते आणि दोन्ही बाजूंनी एकमेकींत गुंतते. पाऊस संपून पंधरा दिवस झाले होते तरी मधल्या ओढ्यावर गुडघाभर चिखल होता. घोड्यांच्या खुरांनी तो दोन्ही काठांना कालवला होता. मी रिसालदार साहेबांना म्हटलं, इथे दगड बसवायला हवेत.

"बैठ जाएगा, मैडम. हर साल बैठ जाता है." दरोगा दोन ढांगांत पार गेला होता.

दुपारी कल्लू भैयांनी गोवऱ्यांच्या आरात गकरिया भाजल्या. जाड, हाताएवढ्या, राखेतून काढून फडक्यानं झटकलेल्या, सोबत वांग्याचं भरीत. आपल्या पानग्यांची आठवण झाली, पण याला दात चांगले लागतात. कुंदानं तीन खाल्ल्या. लहानपणी ही मुलगी पोळीच्या कडा काढून ठेवायची.

जेवण झाल्यावर रिसालदार साहेबांनी चुन्याची पिशवी काढली. वाटेच्या दोन्ही कडांना त्यांनी आधीच दगड लावून ठेवले होते, हातभर अंतरानं, अगदी ओळीत. आता ते पांढरे करायचे. फौजेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला पांढऱ्या दगडांशिवाय रस्ता पुरा झाल्यासारखं वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं. रस्त्याची कड दिसली पाहिजे, हे मी कंत्राटदारांना आयुष्यभर ओरडून सांगत आले आहे. मी बादली धरली, कल्लू भैयांनी कुंचा चालवला, साहेब वरून ओळ बघत होते. "तीसरा वाला आधा इंच बाहर है." तिसरा आत घेतला. दोन्ही दिवस मिळून आम्ही वाटेचा जवळजवळ अर्धा भाग असा सजवला.

शनिवार, पुरा

दुसऱ्या दिवशी वाटेच्या पलीकडच्या टोकाला पोचलो. तळ्यात एक बाई दोन उलट्या मडक्यांना बांधलेल्या बांबूवर बसून शिंगाडे काढत होती. आम्हाला पाहून ती काठाला आली. हीच रामसखी. चाळिशीची असेल, कंबरेपर्यंत ओली, हातांना शिंगाड्याच्या काट्यांचे ओरखडे. रिसालदार साहेबांना ती कक्का म्हणते, कुंदाला बैनजी. मला बघून तिनं कुंदाला विचारलं, ही कोण? कुंदानं सांगितलं, माझी मोठी बहीण, महाराष्ट्रात रस्ते करते.

"जिज्जी, घुड़चढ़ी तौ दूला की होत," रामसखी मला म्हणाली. "तुम काए चढ़ीं?" घोड्यावर नवरदेव चढतो, तू कशाला चढलीस?

"नवरदेव मिळाला नाही म्हणून," असं मी हिंदीत सांगितलं. ती मनापासून हसली आणि आम्हाला लटा दिला. मोहाची सुकी फुलं आणि भाजलेले हरभरे एकत्र कुटून केलेला लाडू. गोड असतो आणि घशात बसतो, पाणी जवळ ठेवावं.

मी तिला म्हटलं, उद्या रेंजर येणार आहे, वाट अगदी छान झाली आहे, एकदा बघून घे. ती वाटेच्या तोंडापर्यंत आली, पांढऱ्या दगडांकडे तिनं पाहिलं आणि "नोनी बनी है" एवढंच म्हणाली. नोनी म्हणजे छान. मग मुली किती, नवरा काय करतो, तिकडे शिंगाडे कसे किलो, असे प्रश्न सुरू झाले आणि मी उत्तरं देत बसले. तू या वाटेनं शेवटची कधी गेलीस, हा एक प्रश्न आमच्यापैकी कुणीही तिला विचारला नाही. मी तर खात्यात दर कामाआधी वाहतुकीची मोजणी करून घेते.

रविवार, पाहणी

रेंजर आठला आला, मोटारसायकल रस्त्याला लावून, सोबत एक वनरक्षक. पस्तिशीचा, हळू बोलणारा. कुंदानं त्याला माझी ओळख इंजिनिअर म्हणून करून दिली. त्यानं सगळी वाट पायी चालायची ठरवलं. आम्ही तिघं मागे, चांदनी कल्लू भैयांच्या हाताशी, रिसालदार साहेब दरोगावर. तो मधूनमधून वाकून जमिनीकडे बघायचा आणि पुढे जायचा. ओढ्याशी त्यानं बूट काढून हातात घेतले, पलीकडे जाऊन पाय धुतले. तासाभरानं, पुऱ्याच्या जरा अलीकडे, तो एका धोंड्यावर बसला.

"रिसालदार साहब, ट्रैक बहुत बढ़िया बनाया है आपने."

कुंदाचा चेहरा खुलला. माझा नाही, कारण त्यातला 'ट्रैक' हा शब्द माझ्या लक्षात आला होता.

"ट्रैक नहीं है, साहब, रास्ता है," रिसालदार साहेब म्हणाले. "पब्लिक का रास्ता है."

"पब्लिक कहाँ है? पूरे रास्ते में टाप के निशान हैं और आपके जूतों के, गाँव वालों के पैर का एक नहीं. ऊपर कटाई सवार के हिसाब से है. दोनों तरफ़ चूने के पत्थर लगे हैं." तो हे सगळं अगदी सौम्यपणे सांगत होता. "मैं ऊपर क्या लिखूँ? कि जंगल में कुछ लोगों की घुड़सवारी के लिए बाड़ खुली छोड़ दी?"

मी त्या दगडांकडे बघत होते. मी त्याच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं.

रिसालदार साहेबांनी शिंगाड्यांचं सांगितलं, बसचं सांगितलं, बारा वर्षांचं सांगितलं. रेंजरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एक आदमी बुला दीजिए जो इस पर पैदल जाता हो. एक काफ़ी है."

कुंदा जवळ उभ्या असलेल्या चांदनीवर चढली आणि निघाली. दहा पावलांवर चांदनी थांबली. कुंदानं टाच मारली, चुचकारलं, शेवटी खाली उडी मारून लगाम कल्लू भैयांकडे फेकला आणि साडी खोचून पळत सुटली. कल्लू भैया जमिनीकडे बघत पुटपुटले, "आज तो चल लेती, बेशरम."

वीस मिनिटांत रामसखी आली. तळ्यातून तशीच उठून आल्यासारखी, साडीतून पाणी गळत होतं. रेंजरनं विचारलं, या वाटेनं जातेस का? आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. 'हो' एवढं म्हणाली असती तरी पुरे होतं.

"जा गैल तौ हमाई आय," ती म्हणाली. ही वाट तर आमचीच आहे. "ब्याव होकें आई, तब से जई से जात हती. अब नईं जात." लग्न होऊन आले तेव्हापासून याच वाटेनं जात होते, आता नाही जात.

"क्यों?"

तिनं रिसालदार साहेबांकडे एकदा पाहिलं. "बुरौ न मानियो, कक्का. इनके घुड़वन नें नरवा पै कीच कर दई. क्वाँर में मोरी भरी डलिया गिर गई, पाँव मुरक गओ. तब से हम सब जनीं पक्की सड़क से फिर कें जात. रोज कोऊ कीच में गिरहै?"

घोड्यांनी ओढ्यावर चिखल केला, आश्विनात भरलेली टोपली पडली, पाय मुरगळला, तेव्हापासून आम्ही सगळ्याजणी लांबून जातो. मी हे मराठीत सांगितलं तर एका वाक्यात बसतं. तिनं ते बराच वेळ सांगितलं. किती शिंगाडे गेले, बस कशी चुकते, म्हातारी सासू काय बोलते, आणि हे लोक वरून कसे निघून जातात की खाली काय आहे ते त्यांना दिसत नाही. आवाज चढला नव्हता. रिसालदार साहेब खोगिरावर ताठ बसून ऐकत होते, वरिष्ठांकडून कानउघाडणी ऐकावी तसे. कुंदा माझ्या शेजारी उभी होती. ती मराठीत हळूच म्हणाली, "गेलं सगळं."

रेंजर खिशातून डायरी काढून लिहीत होता. "नाम? ... किस महीने से बंद किया? ... और कितनी औरतें जाती थीं?" रामसखी बोटं मोजत नावं सांगत होती. ती एकेक नाव सांगू लागली तशी मला त्या डायरीत काय चाललं आहे ते कळलं. वाट बिघडली अशी तक्रार वाट वापरणारा माणूसच करतो. आमच्या चुन्यानं आणि कोयत्यानं जे दाखवता आलं नव्हतं ते ती सही-अंगठ्यासकट देत होती.

त्यानं तिचा अंगठा घेतला, डायरी मिटली. "ठीक है. जगह छोड़ देंगे, दोनों तरफ़." आणि आम्ही श्वास सोडायच्या आत पुढे म्हणाला, "लेकिन फाटक नहीं. फाटक खुला रह जाता है, भैंस अंदर आ जाती है. मैडम, आप इंजीनियर हैं. ऐसा कुछ बताइए जिसमें आदमी निकले, जानवर नहीं."

असं काम मी पूर्वी केलं आहे. मी काडीनं मातीत काढून दाखवलं. कुंपणात दोन दगडी खांब, कंबरेएवढे उंच, मध्ये माणूस सरळ जाईल एवढी फट. त्या फटीच्या आत पावलाभर अंतरावर तिसरा खांब. माणूस आत शिरून अंग वळवतो आणि बाजूनं निघतो. गुराचं अंग लांब, त्याला वळता येत नाही. वर सगळं मोकळं, त्यामुळे डोक्यावरची टोपली कितीही रुंद असली तरी खांबांच्या वरून जाते. रामसखी माझ्या शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिनं उठून, डोक्यावर टोपली धरल्यासारखे हात करून, त्या रेघांमधून एकदा चालून पाहिलं. बसलं बरोबर.

"ताई," कुंदा मराठीत म्हणाली, "आणि घोडे?"

"घोडा जाईल एवढं ठेवलं तर म्हैस जाते."

"तू काहीतरी काढ ना."

"काढून झालंय, कुंदा. दुसरं होत नाही."

"ते तुला घरी बोलावून जेवायला घालतात, आणि तू—"

"म्हणून म्हैस बारीक होणार नाही."

हे बोलणं मराठीत चाललं होतं, पण रिसालदार साहेबांना भाषांतराची गरज पडली नाही. ते दरोगावरून मातीतल्या त्या तीन खुणांकडे बघत होते. "बाड़ कितने बरस रहेगी?"

"पाँच," रेंजर म्हणाला. "पौधे मवेशी के मुँह से ऊपर हो जाएँ, तब तक."

साहेब एकाहत्तर, दरोगा एकोणीस. बेरीज कुणी मोठ्यानं केली नाही. कल्लू भैया चांदनीच्या मानेवरची नसलेली धूळ झाडत होते. मी कागदावर माणसांच्या जमिनी गेलेल्या पाहिल्या आहेत, आणि रेघ मी ओढलेली असली की मी दुसरीकडे बघत नाही. इथेही बघितलं नाही. तिथे उभं राहणं सोपं होतं असं मात्र मी म्हणणार नाही.

साहेबांनी डावा पाय रिकिबीतून काढला. उतरायला दगड नव्हता. कल्लू भैया पुढे झाले, त्यांच्या खांद्यावर हात टेकून ते खाली आले आणि लंगडत माझ्यापर्यंत आले.

"टेप है आपके पास?"

टेप माझ्या पर्समध्ये असते. दुसरं टोक त्यांनी धरलं. तीन खुणांमधली अंतरं आम्ही दोनदा मोजली, वनरक्षकानं लिहून घेतली.

दुपारी ओढ्याचं काम केलं. जवळच्या उतारावरून ग्रॅनाइटच्या सपाट फरश्या दोरांनी बांधून दरोगा आणि रेशमानं ओढून आणल्या, आणि मी त्या पाण्याच्या धारेला जरा तिरप्या बसवून घेतल्या, पाऊलभर अंतरानं. अकरा फरश्या. चांदनी कामाला लावली नाही. ती दर दहा पावलांना थांबली असती आणि सगळा दिवस तिथेच गेला असता.

सोमवार, निघण्याआधी

माझी गाडी दुपारची होती. कुंपण यायला अजून महिना होता, म्हणजे तोपर्यंत घोडे आत नेता आले असते. पण सकाळी साडेसहाला आम्ही पोचलो तर दरोगा रस्त्याकडेच्या पळसाला बांधलेला, तोबऱ्यात तोंड घालून उभा, आणि रिसालदार साहेब वाटेवर पायी. हातात बांबू नव्हता, नुसती काठी. अवजारं कल्लू भैयांच्या पाठीवर.

"आदत डालनी है," एवढंच ते मला म्हणाले.

ते फार हळू चालत होते. शंभर-दीडशे पावलांवर अचानक थांबले आणि वाकून नडगी चोळायला लागले. पायजम्याला रक्त लागलं होतं. घाणेरीचं खोड होतं, घोड्यावरून कोयत्यानं छाटलेलं, जमिनीपासून वीतभर उंच, वरचं टोक तिरपं आणि भाल्यासारखं. ते त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं. मग पुढे बघितलं. वाटेच्या दोन्ही कडांना, पांढऱ्या दगडांच्या आतल्या बाजूला, दिसेल तिथपर्यंत अशीच खोडं होती, बारा वर्षांची, जुनी काळी पडलेली आणि परवाची ताजी. मीही याच वाटेवर तीन दिवस होते, त्यातले दोन चांदनीच्या पाठीवर आणि तिसरा रेंजरच्या मागे, त्याच्या पाठीकडे बघत.

"कल्लू, आरी दे."

कल्लू भैयांनी करवत दिली. साहेब जमिनीवर बसले, डावा पाय सरळ पुढे टाकून, कारण तो वाकत नाही, आणि पहिलं खोड मातीच्या सपाटीला कापायला घेतलं. ते झालं, तसेच बसल्या बसल्या पुढे सरकले आणि दुसरं घेतलं. कुंदानं पलीकडची कड घेतली. मी घड्याळ बघितलं आणि कोयता उचलला.

चौथ्या-पाचव्या खोडावर असताना समोरून, पुऱ्याच्या बाजूनं, पावलं वाजली. रामसखी होती, डोक्यावर रुंद टोपली, तिच्या मागे आणखी दोघी. साहेबांच्या पायानं निम्मी वाट अडली होती. ती थांबली. बस यायला बारा मिनिटं होती.

"कक्का, गोड़े समेटौ. मोटर निकर जैहै." पाय आवरा, बस निघून जाईल.

त्यांनी दोन्ही हातांनी धरून तो पाय बाजूला घेतला. तिघी गेल्या. मग त्यांनी पाय पुन्हा पुढे टाकला आणि करवत लावली.